झाकलेले हात

छोटे चाचांचा चेहरा आता पुसट झालाय, हात मात्र अजून जसेच्या तसे दिसतात. मधल्या बोटावर पितळी अंगुस्तान, कानामागं खडूचा तुकडा, गळ्यात मापाची टेप. कापड टेबलावर पसरलं की ते आधी तळव्यानं चहूबाजूंनी कुरवाळत आणि मगच कात्री उचलत. आमच्या कृष्णाकाठच्या गावात ईदचे कपडे त्यांच्याकडं शिवले जात आणि दिवाळीचेही. गावातल्या कितीतरी नवरदेवांचे सफारी त्यांच्या हातचे.

१९८८च्या उन्हाळ्यात, ईद अगदी तोंडावर आली असताना त्यांचं मशीन थांबलं. कापडाच्या घड्या फळीवर तशाच पडून राहिल्या. लोक तगाद्याला येत, तर चाचा मान खाली घालून बसलेले. रात्री झोप नाही. ताटात अर्धी भाकरी, तीही नुसती कुस्करलेली. दादी म्हणायची, नजर लागली. शेजारणी म्हणायच्या, बाहेरचं आहे. दर गुरुवारी दर्ग्यावर नेणं झालं, दंडाला ताईत बांधून झाला, पाणी फुंकून पाजून झालं. घरात येणारा प्रत्येक माणूस उठताना एकच गोष्ट सांगून जाई, सब्र कर.

चाचा त्यावर काही बोलत नसत. एकदाच बोलले. मी पाण्याचा तांब्या घेऊन गेलो होतो. माझ्याकडं बघून हळूच म्हणाले, "कर रहा ना बेटा. और कित्ता?"

पाऊस सरता सरता चाचा गेले. त्यांचं जाणं त्यांच्याच हातून घडलं. त्यापलीकडचं काही मी इथं लिहिणार नाही. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो.

पंचनामा होऊन मय्यत घरी यायला दुपार उलटली. गुसल झालं, कफन झालं, आणि तेवढ्यात गावच्या इमामसाहेबांचा निरोप आला की ही जनाजाची नमाज मी पढवणार नाही. अब्बा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. त्यांना कुणापुढं हात जोडताना मी कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं. तीन दारांत जाऊन आले. शेवटी गावातले एक म्हातारे मुलाणी पुढं झाले. त्यांना कुराण जेमतेम अडखळत वाचता येई. ते एवढंच म्हणाले, "चार तकबीरी मला पण येतात." जनाजाच्या नमाजीत झुकणं नसतं, सजदा नसतो, सगळी नमाज उभ्यानंच. दीड सफ, म्हणजे दीड रांग भरली. कबरस्तानाच्या कुंपणाबाहेर त्याहून जास्त माणसं उभी होती, चाचांकडं कपडे शिवणारी, टोप्या हातात घेऊन.

परतताना कुणीतरी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि दुसऱ्याला सांगितलं, हराम मौत. तो शब्द मी घरी घेऊन आलो. पुढं कितीतरी वर्षं रात्री अंगावरची चादर ओढताना तो शब्द आधी यायचा आणि झोप मागून.

इथं एक गोष्ट सरळ सांगतो. इस्लाममध्ये आत्महत्येला मनाई आहे आणि ती कडक आहे. मी मुसलमान आहे, ती मनाई मी मानतो, तिला कुठून सैल करता येते का हे शोधायला मी बसलेलो नाही. बुखारी आणि मुस्लिम या हदीसच्या दोन सर्वांत विश्वासाच्या संग्रहांत ज्या काही हदीस याबद्दल आहेत त्या वाचताना आजही अंगावर काटा येतो. पण त्या कुणासाठी बोलल्या गेल्या हा प्रश्न मला फार उशिरा सुचला. काठाशी उभ्या असलेल्यासाठी, की खाली पडून गेलेल्याच्या भावंडांसाठी? विहिरीला कठडा बांधतात तो पडू नये म्हणून. कुणी पडलाच तर त्याच कठड्याचे दगड उचकटून वरून मारायचे नसतात. आमच्या गावानं ते मारले, आणि ते लागले दादीला, अब्बांना, मला.

कुराणात, सूरह निसामध्ये, स्वतःचा जीव घेऊ नका असं सांगितलं आहे. (एकमेकांचे जीव घेऊ नका, असाही त्याचा अर्थ काही भाष्यकार लावतात.) लहानपणी प्रवचनात ही आयत दरवेळी अर्ध्यावर सोडलेली ऐकली. मनाईनंतर लगेच जे येतं ते आगीचं वर्णन नाही. अल्लाह तुमच्याबाबतीत दयाळू आहे, असं ते येतं. धमकीचा भाग पुढच्या आयतीत आहे, पण मनाईचं कारण म्हणून पहिली आठवण करून दिली ती दयेची.

याच आयतीची एक गोष्ट अबू दाऊदच्या संग्रहात आहे. पैगंबरसाहेबांचे साथी अम्र बिन आस एका मोहिमेवर होते. रात्र हाडं गोठवणारी. पहाटेच्या नमाजीआधी त्यांना अंघोळ करणं भाग होतं. थंड पाण्यानं अंघोळ केली तर आपण मरू असं वाटून त्यांनी मातीवर हात फिरवून तयम्मुम केलं आणि लोकांना नमाज पढवली. परतल्यावर कुणी पैगंबरसाहेबांकडं तक्रार नेली. अम्र यांनी हीच आयत पुढं केली. पैगंबरसाहेब हसले, आणि काही बोलले नाहीत. ज्या आयतीनं माझ्या बालपणाची झोप उडवली तिचा पहिल्या पिढीतला हा वापर. थंडीनं काकडणाऱ्या एका माणसानं ती पांघरुणासारखी ओढून घेतली.

हे सगळं मला कळायला २०१६ साल उजाडावं लागलं.

त्या वर्षी धाकट्या बहिणीचं पहिलं बाळंतपण आमच्याकडं झालं. बाळ गुटगुटीत. घरात अजवायनचा धूर, डिंकाचे लाडू, येणारी-जाणारी माणसं. आणि ती भिंतीकडं तोंड करून पडलेली. बाळ रडलं तर उठायची, दूध पाजायची, पुन्हा भिंतीकडं वळायची. चाळीस दिवस होऊन गेले तरी तसंच. एका रात्री तिनं अम्मीला सांगितलं, मी मेलेलीच बरी होते. अम्मी घाबरली आणि तोंडातून आलं तेच, पिढ्यान्‌पिढ्या आलेलं. तौबा कर बेटी, सब्र कर.

अब्बा बाहेरच्या खोलीत होते. ते दारात येऊन उभे राहिले. अठ्ठावीस वर्षांत चाचांचा विषय त्यांनी एकदाही काढला नव्हता. त्या रात्रीही काढला नाही. फक्त म्हणाले, "तो शब्द नको. उद्या मिरजेला जाऊ."

आमच्या भागात आजारपणाचं मोठं काम निघालं की मिरजच. डॉक्टरीणबाईंनी अर्धा तास बहिणीशी एकटीशी बोलून आम्हाला आत बोलावलं. बाळंतपणानंतरचं नैराश्य, म्हणाल्या. हा आजार आहे, हिचा स्वभाव नव्हे, हिच्या ईमानाचा कमीपणाही नव्हे. गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतील, तोवर हिला एकटीला ठेवू नका. "ईमान" हा शब्द त्या हिंदू बाईंनी कुठून उचलला होता कोण जाणे. अब्बांनी तो ऐकला आणि चष्मा काढून पुसत राहिले.

गोळ्या घ्यायला वेळ होता म्हणून मी जुहरच्या नमाजीला जवळच्या मशिदीत गेलो. नमाज झाल्यावर तिथल्या म्हाताऱ्या मौलानांजवळ बसलो आणि मनात ठसठसत होतं ते विचारलं. मरण मागणारी बाई गुन्हेगार होते का?

त्यांनी मला उलट विचारलं, "मरियम बीबींनी काय म्हटलं होतं, आठवतं का?"

मला आठवत होतं, पण तसं कधी दिसलं नव्हतं. सूरह मरियममध्ये हजरत ईसांच्या जन्माचा प्रसंग आहे. एकटी पोर, लोकांपासून दूर, खजुरीच्या बुंध्याला टेकलेली, कळा सुरू झालेल्या. आणि ती म्हणते, याआधीच मी मेले असते, विसरून गेलेली वस्तू झाले असते तर किती बरं होतं. कुराण ज्या बाईला जगातल्या सगळ्या बायकांतून निवडलेली म्हणतं तिच्या तोंडचं हे वाक्य आहे. मौलाना म्हणाले, आता पुढं बघ. तिला काय उत्तर मिळतं? तौबा कर असं मिळतं का? खालून आवाज येतो तो दुःख करू नकोस असा. तुझ्या पायाशी पाणी वाहतं केलंय. बुंधा हलव, ताजे खजूर पडतील. खा, पी, डोळे निवव. आणि कुणी माणूस भेटलाच तर त्याला सांग, आज मी कुणाशी बोलणार नाही असा माझा नवस आहे.

मी तिथंच बसून राहिलो. बाळंतिणीला पाणी हवं, अन्न हवं, आणि लोकांना उत्तरं देण्यापासून सुटका हवी. मिरजेच्या दवाखान्यातल्या बाईंनी जे सांगितलं त्यातलं निम्मं त्या खजुरीखाली आधीच सांगून झालं होतं. धर्मानं पहिल्यांदा तिच्या हातात खायला दिलं. आमच्या घरानं, धर्माच्या नावानं, पहिल्यांदा तिच्या तोंडावर हात ठेवला.

दुःख कोसळलं म्हणून कुणी मरण मागू नये, अशी हदीस आहेच. पण तिच्यातही पुढं एक वाट ठेवलेली आहे. मागितल्याशिवाय राहवतच नसेल तर असं मागावं, की माझ्यासाठी जगणं चांगलं आहे तोवर मला जगव, आणि मरण चांगलं असेल तेव्हा ने. एखाद्याच्या तोंडातून हे निघणारच, हे गृहीत धरून दिलेली ही दुआ आहे. राहवत नाही अशा माणसाला तिनं बाहेर काढलेलं नाही.

मग मी मौलानांना चाचांबद्दल सांगितलं. अठ्ठावीस वर्षांत घराबाहेरच्या माणसाला पहिल्यांदा. ते उठले, आतल्या फडताळातून मुस्लिम शरीफचा उर्दू तर्जुम्याचा खंड काढून आणला, आणि पानं उलटत एका जागी थांबून खंड माझ्याकडं फिरवला.

तुफैल बिन अम्र हे दौस कबिल्यातले मोठे माणूस. हिजरतीनंतर, म्हणजे पैगंबरसाहेब मदीनेला गेल्यावर, तेही तिथं आले. बरोबर त्यांच्या कबिल्यातला एकजण आला. मदीनेची हवा त्याला मानवली नाही. तो आजारी पडला, धीर सुटला, आणि वेदनेच्या भरात त्यानं आपल्याच हातांना इजा करून घेतली. त्यात तो गेला. पुढं तुफैल यांच्या स्वप्नात तो आला. रूप चांगलं होतं, पण हात झाकलेले होते. तुफैल यांनी विचारलं, तुझ्या रबनं तुझं काय केलं? तो म्हणाला, पैगंबरांकडं हिजरत करून आलो म्हणून मला माफ केलं. मग हात का झाकलेस? तर त्याला सांगण्यात आलं होतं की जे तू स्वतः बिघडवलंस ते आम्ही दुरुस्त करणार नाही. तुफैल यांनी हे स्वप्न पैगंबरसाहेबांना सांगितलं. त्यांनी तिथल्या तिथं दुआ मागितली, की अल्लाह, त्याच्या हातांनाही माफ कर.

"हातांनाही," मौलाना पुन्हा म्हणाले.

मी तो मजकूर त्यानंतर इतक्यांदा वाचला आहे की पानाचा पोत बोटांना ठाऊक झालाय. एक गोष्ट पहिल्या वाचनात लक्षात आली नव्हती. त्या माणसाचा धीर सुटला यासाठी मूळ अरबीत जो शब्द आहे तो जजअ, म्हणजे सब्रच्या बरोब्बर उलटा. त्याला सब्र झालं नाही, असं ती हदीस उघड सांगते. कारण लपवत नाही, गुन्हा लपवत नाही, हातही लगेच बरे झाले म्हणत नाही. आणि तरी माफी सांगते. जे राहिलं होतं त्यासाठी एक जिवंत माणूस हात उचलतो. तेराव्या शतकातले दमास्कसजवळचे इमाम नववी यांनी मुस्लिम शरीफच्या प्रकरणांना मथळे दिले, त्यात या हदीसच्या डोक्यावर त्यांनी लिहिलं की आत्महत्या करणारा काफिर होत नाही याचा हा पुरावा. म्हणजे तो आमच्यातलाच राहतो. त्याच्यासाठी दुआ मागता येते, फातिहा देता येते, कबरस्तानात तो आपल्या बापाच्या शेजारी झोपतो.

आणि जनाजाची नमाज? पैगंबरसाहेबांनी अशा एका माणसाची नमाज स्वतः पढवली नाही, अशी हदीस आहे. आमच्या इमामसाहेबांनी ती वाचली असणार. नववी आणि इतर आलिम तिचा अर्थ असा लावतात की मागे राहिलेल्यांना धाक बसावा म्हणून पैगंबरसाहेब स्वतः थांबले, इतरांना त्यांनी अडवलं नाही. इमाम अहमद यांचं मत असं की मोठ्या इमामानं थांबावं, बाकीच्यांनी पढावी. अबू हनीफा, मालिक, शाफई या तिघांच्या मते नमाज होते. कोकणातले मुसलमान बहुतेक शाफई, आम्ही घाटावरचे हनफी, पण या एका जागी दोघंही एकाच सफेत उभे आहेत. गावच्या इमामांना थांबायचं होतं तर थांबायचं होतं. पण दुसऱ्या कुणाचा हात धरून त्याला पुढं उभं करायला हवं होतं. जेमतेम वाचता येणाऱ्या मुलाणीबाबांनी त्या दिवशी जे केलं त्याच्या मागं हजार वर्षांचा फिकह, म्हणजे धर्मशास्त्र, उभा होता, आणि त्यांना ते माहीत नव्हतं.

आता त्या शब्दाकडं येतो, जो अब्बांनी त्या रात्री घरात नको म्हटला.

सब्र आम्हा मराठी माणसांना परका नाही. सबूर, सबुरी ही त्याचीच मराठी लेकरं. शिर्डीला श्रद्धेशेजारी सबुरी बसलेली आहे. आम्ही त्याचा अर्थ वाट पाहणं, गप्प सोसणं असा करून टाकला. अरबीत त्या धातूचा अर्थ धरून ठेवणं, बांधून ठेवणं. त्याच तीन अक्षरांतून कोरफडीच्या कडू गराचंही नाव येतं. कडू आहे हे अरबांना कधी नाकारावंसं वाटलं नाही. कडू असून धरून ठेवणं, असा तो शब्द आहे. आणि धरून ठेवायला हात लागतात, दर वेळी स्वतःचेच पुरतील असं नाही.

सब्र म्हटलं की सगळ्यांच्या तोंडी पहिलं नाव हजरत अय्यूब यांचं. कुराण त्यांना साबिर म्हणतं. त्याच कुराणात ते रबला हाक मारून सांगतात की मला फार त्रास झालाय. सांगितलं म्हणून सब्र मोडलं नाही. हजरत याकूब यांनी यूसुफ हरवल्यावर सुंदर सब्र धरलं, आणि त्याच सूरहमध्ये रडून रडून त्यांचे डोळे पांढरे झाले. मुलं चिडून म्हणाली, किती दिवस त्याचंच नाव घेत राहणार? ते म्हणाले, माझं दुःख मी अल्लाहकडं मांडतोय. एका पैगंबराची दृष्टी दुःखानं गेली, आणि कुणी त्यांच्या ईमानावर बोट ठेवलं नाही. पैगंबरसाहेबांचा तान्हा इब्राहीम गेला तेव्हा ते रडले. कुणी आश्चर्यानं विचारलं, आपणही? ते म्हणाले, ही दया आहे.

आणि बुखारी शरीफमधली ती काळ्या वर्णाची बाई. तिला फेफरं यायचं. तिनं पैगंबरसाहेबांकडं दुआ मागितली. ते म्हणाले, हवं तर सब्र कर, तुला जन्नत आहे. हवं तर मी बरी होण्यासाठी दुआ मागतो. तिनं सब्र निवडलं. पण ती तिथंच थांबली नाही. म्हणाली, फेफरं आलं की माझं अंग उघडं पडतं, तेवढं होऊ नये म्हणून दुआ करा. त्यांनी केली. ही हदीस मी प्रवचनात अनेकदा ऐकलेली. दरवेळी बाईचं सब्र सांगितलं गेलं, बाईचं मागणं घाईत उरकलं गेलं. तिला दोन्ही वाटा मोकळ्या दिल्या होत्या, निवड तिची होती, आणि सब्र निवडल्यावरही ती मागू शकत होती. आमच्या चाचांना निवड कुणी दिली? सब्र त्यांच्यावर लादलं गेलं, शिवणाच्या ढिगासारखं, एकावर एक.

इलाज करावा का, असं बद्दूंनी विचारलं तेव्हा पैगंबरसाहेबांनी करा म्हणून सांगितलं. म्हातारपण सोडलं तर ज्याचं औषध नाही असा आजार अल्लाहनं ठेवलेला नाही, म्हणाले. मनाचे आजार यातून वगळल्याचं कुठं लिहिलेलं नाही. पैगंबरसाहेबांच्या पत्नी हजरत आयेशांच्या घरी कुणी वारलं, बायका निघून गेल्या, घरची माणसं उरली, की त्या तलबीना शिजवायला लावत. जवाच्या पिठाची पातळ पेज. आजारी माणसाच्या काळजाला ती आराम देते, थोडं दुःख नेते, असं त्यांनी पैगंबरसाहेबांकडून ऐकलं होतं. थोडं, हा शब्द मला फार खरा वाटतो. अम्मीला हे मी सांगितलं तर तिनं त्याच संध्याकाळी गिरणीतून जव दळून आणले. दूध, गूळ, चिमूटभर सुंठ. बहिणीला गोळीच्या आधी ती वाटी मिळे. अम्मी समोर बसून राही, काही न बोलता. तिचं सब्र मी तेव्हा पाहिलं. चमच्यानं पेज ढवळत बसलेलं.

बहिणीच्या त्या आठवड्यांत मी हाताला लागेल ते वाचत होतो. त्यात अबू झैद अल-बल्खी भेटले. आजच्या अफगाणिस्तानातल्या बल्खकडचे, नवव्या-दहाव्या शतकातले. शरीर आणि मन या दोघांच्या आरोग्यावर त्यांनी एकच पुस्तक लिहिलं, कारण एक बिघडलं की दुसरं बिघडतं असं त्यांचं म्हणणं. त्यात ते दुःखाचे दोन प्रकार करतात. एका दुःखाचं कारण माणसाला माहीत असतं, कुणी गेलं, काही बुडालं. दुसऱ्याचं कारण सापडत नाही, माणूस खचत जातो, आणि त्याचं मूळ शरीरात असतं, म्हणून तिथं शरीराचाही इलाज करा. अकराशे वर्षांपूर्वीची ही विभागणी वाचताना मला चाचांना सगळे विचारायचे तो प्रश्न आठवला. तुला काय कमी आहे? चाचांकडं उत्तर नव्हतं. बल्खींनी तो प्रश्न विचारलाच नसता. हे हस्तलिखित इस्तंबूलच्या ग्रंथालयात होतं, आणि त्याचा मनाबद्दलचा भाग सुदानचे मानसशास्त्रज्ञ मलिक बद्री यांनी २०१३ मध्ये इंग्रजीत आणला.

कैरोत १२८४ मध्ये सुलतान कलावूननं बांधलेल्या बीमारिस्तानात, म्हणजे दवाखान्यात, मनाच्या रुग्णांसाठी वेगळी जागा होती. अलेप्पोत १३५४ सालचं अर्गून बीमारिस्तान उभं राहिलं, तिथल्या लहान लहान चौकांत कारंजी. रुग्णानं पाण्याचा आवाज ऐकत बसावं.

आणि ६ ऑगस्ट २००१ला तमिळनाडूतल्या एरवाडीत, दर्ग्याच्या आसऱ्यानं चालणाऱ्या एका खासगी निवाऱ्याला पहाटे आग लागली. मनाचे आजारी तिथं साखळीनं बांधलेले होते. २८ माणसं गेली. सब्र म्हणजे बांधून ठेवणं, हा अर्थ माणसांनी कुठवर नेला. दर्ग्यावर जाणाऱ्यांना मी दोष देत नाही. दादी चाचांना घेऊन गेली ती मायेनं गेली, आणि तिथल्या उदाच्या वासात, कव्वालीत त्यांना तासभर झोप लागायची हे मला आठवतं. गुजरातेत मेहसाण्याजवळ उनावा इथल्या मीरा दातार दर्ग्यात आता मनोविकारतज्ज्ञ बसतात. मुजावर स्वतः रुग्णाला त्यांच्याकडं पाठवतात, दवा घे आणि दुआही घे म्हणून. १९८८ला आमच्या दर्ग्याच्या ओट्यावर असा एक डॉक्टर बसलेला असता तर, हा विचार मी पुढं जाऊ देत नाही.

चाचांना त्याच वर्षी जूनमध्ये एकदा वाचवलं होतं, हे मला मोठेपणी कळलं. दवाखान्यात अब्बांनी वेगळंच कारण सांगितलं, कारण भारतीय दंड विधानाचं कलम ३०९. जगायचं नाही म्हणणारा वाचलाच तर गुन्हेगार. घरी आणल्यावर त्याबद्दल कुणी बोललं नाही, ना डॉक्टरशी, ना चाचांशी. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानं सांगितलं की असा माणूस तीव्र ताणाखाली होता असं आधी धरून चालायचं, आणि त्याची काळजी घेण्याची जबाबदारी सरकारवर टाकली. नव्या न्याय संहितेत ते जुनं कलम तसं उरलं नाही. अब्बांनी ही बातमी वाचून मला विचारलं, "ती कलमवाली हदीस कुठली रे?" त्यांना म्हणायचं होतं ते मला कळलं. तीन माणसांच्या नावावर लिहिणारी लेखणी उचललेली असते. झोपलेला, जागा होईपर्यंत. लहान मूल, मोठं होईपर्यंत. आणि ज्याची अक्कल जागेवर नाही तो, ती परत येईपर्यंत. चाचांची त्या दिवशी कितपत जागेवर होती, हे ठरवणारे आम्ही कोण, आणि इमामसाहेब तरी कोण.

बहीण सावरली. गोळ्या सुरू झाल्यावर सहाव्या आठवड्यात एका सकाळी तिनं स्वतःहून बाळाच्या झबल्याला बटण लावलं. चाचांचं ते पितळी अंगुस्तान दादीच्या डबीत होतं, ते अम्मीनं तिला काढून दिलं. तिच्या बोटाला सैल होतं.

मशिदीच्या दारात नमाजीच्या वेळांचा काळा फलक आहे. अब्बा निवृत्त झाल्यापासून तो तेच लिहितात, मास्तरांचं वळणदार अक्षर. इशाच्या वेळेखाली आता एक ओळ कायम असते. मन फार जड झालं तर १४४१६, टेली-मानस, फुकट, मराठीत बोलतात. फलकावर हे कशाला, असं एक-दोघांनी विचारलं. अब्बांनी वाद घातला नाही. पावसानं पुसलं की ते पुन्हा लिहितात.

गेल्या शब-ए-बरातला आम्ही दोघं कबरस्तानात गेलो. चाचांची कबर कुंपणाच्या कडेला आहे. आतापर्यंत अब्बा दादा-दादींच्या कबरीपाशी फातिहा पढत आणि तिथूनच या बाजूला वळून थोडे थांबत, जवळ येत नसत. त्या रात्री माझ्या दंडाला धरून चालत आले. मी सब्जा आणि गुलाबाच्या पाकळ्या पसरल्या, उदबत्त्या लावल्या. अब्बा आता ऐंशीच्या पुढं आहेत, हात थरथरतात. त्यांनी फातिहा पढली, दुआ मागितली, आमीन म्हणून तळवे चेहऱ्यावर फिरवायला आणले आणि मध्येच थांबले.

"राहिलं," म्हणाले, आणि हात पुन्हा वर उचलले. "उसके हातों को भी."